जागा भरायच्या ओळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीचा फोन आला. अकरा वर्षांतला तिसरा. पहिला तिच्या लग्नाचा, दुसरा चुकून लागलेला, आणि हा आजचा.

"मावशी, आईचं यकृत पार निकामी झालंय. डॉक्टर आता आठवड्यांची भाषा करतात, महिन्यांची नाही. तू ये."

मी विचारलं, "तिनं बोलावलंय की तू बोलावते आहेस?"

ती म्हणाली, "मावशी, आता हे विचारायची वेळ आहे का?"

म्हणजे हीच बोलावते आहे. बाईसाहेबांनी तोंड उघडलेलं नाही.

बघते म्हणून फोन ठेवला. बसचा सहा तासांचा प्रवास. गुडघे माझे आहेत, तिचे नव्हेत.

ही वही गेल्या वर्षी आणून तशीच ठेवली होती. बोलायला कोणी नसलं की माणूस वहीशी बोलतो म्हणे. मला बोलायला माणसं आहेत. ऐकायची लायकी असलेली नाहीत, एवढंच.

नोंद असावी म्हणून लिहिते. आई गेली ते माझ्या धाकट्या बहिणीनं मला दुसऱ्या दिवशी कळवलं. सगळं आटोपल्यावर. मी पोहोचले तेव्हा आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेले नाही. तेव्हा कळवता आलं नाही, मग आता कळवण्याची एवढी हौस का?

४ फेब्रुवारी, बुधवार

पान तीनवर दोन चुका, पान पाचवर एक, अग्रलेखात एक वाक्य असं की कर्ता कुठे हरवला ते कर्त्यालाच माहीत. ज्या वर्तमानपत्रात मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, ते आता हातात लाल पेन्सिल घेतल्याशिवाय वाचवत नाही.

स्वतःचं राशिभविष्य मी वाचत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एक नन होती. लाकडी पट्टी तिच्या हाताला सहाव्या बोटासारखी चिकटलेली, म्हणून आम्ही तिला पट्टीवाली म्हणायचो. ती म्हणायची, "मुलींनो, ताऱ्यांना तुमची नावंसुद्धा ठाऊक नाहीत. गणितं आपली आपण सोडवा." ते मला तेव्हाही पटलं होतं. शिवाय भविष्याचा कारखाना मी आतून पाहिलेला आहे. आमच्या वेळचा ज्योतिषी महाआळशी. त्याचं पाकीट कधी वेळेवर येत नसे आणि पान तर वेळेवर सुटायला हवं. मग कोणीतरी बसून बारा राशींचे बारा वाजवायचे. कोणीतरी म्हणजे मी.

पण हे नवं प्रकरण वेगळं दिसतं. चौकटीत फोटो: दाढी, जाड चष्मा, कपाळावर आठ्या. खाली लिहिलंय की हे गृहस्थ रोज पहाटे ग्रहस्थिती मांडून स्वतः लिहितात. नजर गेली म्हणून वाचलं. वृश्चिक, म्हणजे मी: 'आप्तांच्या बोलावण्यामागचा हेतू तपासून पाहावा. प्रवास टाळावा.'

दोनदा वाचलं. योगायोग असतात हे मला कळतं. पण विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी होती, आणि हल्ली ते योगायोगानं होत नाही.

भाचीला कळवलं, या आठवड्यात जमत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

खालच्या मजल्यावरची शिवणवाली रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर येते आणि म्हणते, "काकू, माझं सिंहाचं वाचा." तिचा वाचायचा चष्मा फुटून दीड वर्ष झालं. सुईत दोरा ओवते, पण अक्षर दिसत नाही म्हणे. मी वाचून दाखवते. चांगलं असलं की म्हणते, "हे माझं." वाईट असलं की म्हणते, "हे सासूचं. तीपण सिंहच."

आज सिंहेला 'अनपेक्षित पाहुण्यांमुळे तारांबळ' होतं. सासूकडे गेलं.

मग मी माझं वाचलं, मनात. तरी तिनं ओळखलंच.

"काकू, तुम्ही कधीपासून?"

"सहज."

"काय म्हणतायत ग्रह?"

"'भावनेच्या भरात घराबाहेर पाऊल टाकू नये. प्रवास टाळावा.'"

तिनं कप खाली ठेवला. बहिणीचं तिला माहीत आहे. या इमारतीत भिंती कागदाच्या आणि कान लोखंडाचे. म्हणाली, "जायचं नसेल तर नाही म्हणा की सरळ. ग्रहांना कशाला मध्ये घेता? ते बिचारे आपापल्या रस्त्यानं चाललेत."

मी म्हटलं, "तू ब्लाउजच्या बाह्या बघ. गेल्या वेळी एक लांब होती."

"तुमचा एक हात आखूड आहे, काकू. मी मापानं शिवते."

८ फेब्रुवारी, रविवार

आज बहिणीची रास पाहिली. मीन. पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

'रागाने लावलेले दार आपल्याच बोटांवर आदळते, हे विसरू नये.'

मी खुर्चीत ताठ बसले. हे पट्टीवालीचं वाक्य! शब्द न् शब्द तिचं. आम्ही दोघी बहिणी एकाच वर्गखोलीबाहेर उभ्या होतो, धाकटीनं माझ्याशी भांडून दार आपटलं आणि स्वतःचंच करंगळीचं नख काळंनिळं करून घेतलं. तेव्हा तिचं बोट थंड पाण्यात बुडवताना पट्टीवाली हे म्हणाली होती.

म्हणजे हा ज्योतिषीही ननच्याच हाताखाली शिकलेला दिसतो. तरीच वाक्यरचना अशी. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही, पण मी त्याला मानलं. आणि वाक्य पडलं कुठे, तर बरोबर मीनेत. दार कोणी लावलं होतं ते ग्रहांनाही माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मीन: 'चुकीची कबुली आपण होऊन द्यावी. समोरच्याने विचारण्याची वाट पाहू नये.'

हे वाचून अर्धा तास झाला नाही तोच भाचीचा फोन. "मावशी, आईला तुझ्याशी बोलायचंय. तिला काहीतरी सांगायचंय तुला."

मला वाटलं, कबुलीच आली. खोटं लिहीत नाही. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार आहे?

फोनवर आधी नुसता श्वास आला. मग, "ताई."

अकरा वर्षांनी ताई. आवाज म्हाताऱ्या बाईचा. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

"बोल," मी म्हटलं.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"अजून लिहितेस?"

"काय लिहिते?"

ती हसली बहुतेक, किंवा खोकली. "रोज वाचते मी. ही वाचून दाखवते."

"काय वाचतेस?"

त्यावर खोकल्याची मोठी उबळ आली आणि भाचीनं फोन घेतला. म्हणाली, औषधांनी जरा भ्रमिष्टासारखं होतं, मध्येच काहीतरी बोलते.

ते कळलंच. कबुली नाही, काही नाही. मी वाट पाहत होते, आणि हिनं कसलं तरी लिहिणं काढलं. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली हेही हिला माहीत नसणार. सख्ख्या बहिणीचं!

आणि कळवण्याबद्दल लिहायचं तर, कळवलं नाही असं अगदीच नाही. ऑफिसच्या नंबरवर निरोप होता. 'आई बरी नाही.' पण आई वीस वर्षं बरी नव्हती. हा काय निरोप झाला?

१५ फेब्रुवारी, रविवार

वृश्चिक: 'घाईत घेतलेला निर्णय पुढे सलत राहील. प्रवास टाळावा.'

लाल पेन्सिलीनं कडेला बारीक खूण केली. चुकीची नव्हे. मान्य असल्याची.

आता कात्रणं ठेवते आहे. अकरा झाली. ओळीनं वाचली तर एक माणूस माझ्याशी समजुतीनं बोलतो आहे असं वाटतं. या घरात माझ्याशी समजुतीनं बोलणारं तेवढंच उरलंय. शिवणवाली म्हणते, "काकू, बॅग भरून तरी ठेवा." मी म्हटलं, बॅग भरलेलीच आहे. खोटं होतं. तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं. आगाऊपणाला सीमा असते!

"रिकामी आहे की," ती म्हणाली.

"कपडे इस्त्रीला गेलेत."

"सगळे? मग आत्ता अंगावर काय घातलंय, पडदा?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अखेर! वृश्चिक: 'शनिवारनंतर ग्रहमान पालटेल. रखडलेली कामे मार्गी लागतील.'

ताबडतोब भाचीला फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळच्या बसनं येते.

ती फार हळू म्हणाली, "मावशी, आज मंगळवार आहे."

"मला वार कळतात."

"डॉक्टर म्हणाले, आता दिवसांचा प्रश्न आहे. तू आज निघ. मी घ्यायला येते बसस्टँडवर."

"शनिवारपर्यंत मला शक्य नाही."

"का पण? काय आहे शनिवारी?"

मी काय सांगणार? एम. ए. झालेल्या भाचीला, जी लहानपणी माझ्याकडून व्याकरण शिकली, तिला मी काय सांगणार? म्हटलं, "एक काम आहे."

"बरं," ती म्हणाली. असं 'बरं' मी फक्त एकदाच ऐकलं होतं, तिच्या आईकडून, अकरा वर्षांपूर्वी.

फोन ठेवल्यावर बॅग काढली. दोन साड्या घातल्या. एक परत काढली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस भाचीचा फोन नाही. याचा अर्थ बरं आहे. वाईट बातमीला पाय असतात, ती आपण होऊन चालत येते.

आजची मीन: 'भेटीचा हट्ट धरू नये. ज्याला यायचे आहे तो येईल; ज्याला यायचे नाही त्याला हाक मारून उपयोग नाही.'

शहाणं वाक्य. अर्धविराम तर असा पडलाय की मी कापून भिंतीवर लावीन.

रात्रभर झोप नव्हती म्हणून सकाळी लवकर उठून बसले, आणि एक गोष्ट पूर्ण आठवली. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. निरोप एक नव्हता. तीन होते. सोमवारी, 'आई बरी नाही.' मंगळवारी, 'आई तुला विचारते आहे.' बुधवारी दुपारी मी स्वतःच फोन घेतला. ती म्हणाली, "ताई, आता निघ." माझ्यासमोर रविवारच्या पुरवणीची आठ पानं होती. मी म्हटलं, उद्या निघते. ती म्हणाली, "बरं." पुरवणीत त्या आठवड्यात एकही चूक गेली नाही. संपादकांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.

पण 'आता निघ' म्हणजे काय? 'आई चालली आहे' असं म्हणता येत नव्हतं का? माझा दोष आहे असं मी म्हणत नाही.

उद्या शनिवार. 'शनिवारनंतर' म्हणजे शनिवार धरून की सोडून? हे त्यानं स्पष्ट करायला हवं होतं. सकाळी कचेरीत जाऊन त्यालाच गाठून विचारते. दाढीवाल्या गृहस्थांना म्हणावं, मी तुमची वाचक आहे, आणि मला आज निघायचंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार. बसमध्ये

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दहा वाजता कचेरीत पोहोचले. ओळखीचा एकच माणूस उरलाय, पानांची मांडणी करणारा. केस गेले, पोट आलं. मला पाहून उभा राहिला.

"अहो बाई, तुम्ही! बसा बसा. चुका दाखवायला आलात ना? कबूल आहेत सगळ्या."

मी म्हटलं, "तुमचा ज्योतिषी कुठे बसतो?"

"कोण ज्योतिषी?"

"फोटोतला. दाढीवाला."

तो खो खो हसला. "तो होय! जाहिरात खात्यातल्या साहेबांचा मेहुणा. फोटो चांगला येतो म्हणून लावलाय. त्याला कन्या कुठली न् कुंभ कुठली, विचारू नका. भविष्य आपलं तुमचंच चालू आहे, बाई."

"माझं?"

त्यानं खालचा खण ओढला. तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही. कडेला माझ्या हातची चिठ्ठी: 'राशी, तारीखवार.'

"जाताना नाही का दिलीत? म्हणालात, वर्षभराचं उतरवून ठेवलंय, कधी अडलंत तर काढा. आम्ही काय, रोजच अडतो. आता सगळं कॉम्प्युटरवर चढवलंय. तारीख दाबली की पान हजर. सहा वर्षं झाली, एका वाचकाची तक्रार नाही. उलट पत्रं येतात, फार अचूक लिहिता म्हणून."

मी वीस फेब्रुवारीचं पान काढलं. मीन. माझं अक्षर, शाई निळी. 'भेटीचा हट्ट धरू नये.' बारा फेब्रुवारी. 'चुकीची कबुली आपण होऊन द्यावी.' त्याखाली रेघ, एकदा नव्हे, दोनदा. इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलेली. हे सगळं आई गेल्यानंतरच्या पाच वर्षांतलं. दुपारी चारच्या सुमारास भविष्य लिहायला बसायचे, अकरा राशी पाट्या टाकल्यासारख्या उरकायचे आणि मीनेशी थांबायचे. मीनेला मी त्या पाच वर्षांत काय काय ऐकवलंय! तिच्या घरी हे वर्तमानपत्र येत नाही अशी माझी समजूत होती. भिंतीला शिव्या दिल्यासारखं ते होतं. भिंतीला काही लागत नाही.

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका टिपल्या, आणि स्वतःचं वाक्य छापून समोर आलं तर त्याच्या लेखकाला मी मानलं म्हणे.

मी विचारलं, "वृश्चिकेला रोज 'प्रवास टाळावा' का असतं? मी रोज लिहिलेलं नाही. हे बघ, इथे नाहीये, इथेही नाही."

"ते होय," तो म्हणाला. "वृश्चिकेच्या खाली गाद्यांची जाहिरात बसते ना, तिथे बहुतेक दिवस अर्धी ओळ उरते. पांढरं दिसतं. मग तुमच्याच शेवटच्या पानावरचं टाकतो."

शेवटचं पान मला काढावं लागलं नाही. त्यावर काय आहे ते आठवलं. मथळा: 'जागा भरायच्या ओळी.' अर्ध्या ओळीला: प्रवास टाळावा. पाऊण ओळीला: वादविवाद टाळावेत. पूर्ण ओळीला: वडीलधाऱ्यांचा सल्ला हिताचा ठरेल. निरुपद्रवी असावीत म्हणून किती विचार करून निवडली होती मी ती! कोणाचं काय बिघडणार आहे, एखाद्यानं एक दिवस प्रवास नाही केला तर.

"बाई, पाणी आणू?"

मी म्हटलं, "बसस्टँडकडे रिक्षा कुठे मिळते?"

बॅग घरी राहिली. साडेबाराची बस मिळाली. शेजारची बाई झोपली आहे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. राहू दे.

तिला काय म्हणायचं ते ठरवते आहे. आधी 'कशी आहेस' म्हणणार नाही. आधी निरोप तीन होते हे म्हणेन. ते आधी.

२३ फेब्रुवारी, सोमवार. तिच्या घरी

बस पावणेसातला पोहोचली. ती तीन वाजता गेली होती. तीन वाजता मी बसमध्ये वाक्य जुळवत होते.

दार भाचीनं उघडलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आलीस?" आणि बाजूला झाली.

खाट अजून आडवीच होती. एवढं मला मिळालं.

काल सगळं आटोपलं. आज दुपारी दोघीच होतो. भाचीनं कपाटाच्या तळाचा बुटांचा खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत कात्रणं. मीन, मीन, मीन. वर्षावर्षाचे गठ्ठे, रबर बांधलेले, जुनी रबरं वितळून कागदाला चिकटलेली.

"आई वर्तमानपत्र फक्त याच्यासाठी घ्यायची," ती म्हणाली. "आजी गेल्यावर थोड्याच दिवसांत ते दाराचं वाक्य आलं. आईनं मला करंगळी दाखवली. म्हणाली, हे वाक्य जगात दोघींनाच माहीत आहे. तेव्हापासून रोज. लोक म्हणायचे, तुमची बहीण बोलत नाही का तुमच्याशी? तर म्हणायची, बोलते की. रोज बोलते. शिव्याच घालते, पण एक दिवस चुकत नाही."

मी एक गठ्ठा उचलला.

"तिला हे माहीत होतं, तर मला एक पत्र नाही टाकता आलं?" मी म्हटलं. मी हे खरंच म्हटलं. त्या वेळी, त्या खोलीत.

"टाकणार होती. मग म्हणायची, राग संपला की तिचीच भाषा बदलेल, मला छापून कळेल. एखादं वाक्य पुन्हा आलं की म्हणायची, राग अजून तोच आहे. मधूनमधून एखादं बरं वाक्य आलं की दिवसभर खुशीत असायची. त्या दिवशी फोनवर तेच सांगायचं होतं तिला, की मी वाचते म्हणून. तू चिडू नयेस म्हणून मी ते भ्रमावर ढकललं."

"मंगळवारनंतर तू फोन का केला नाहीस?"

"केला असता. मी रोज म्हणत होते, पुन्हा एकदा लावते. ती म्हणायची, लाव. शुक्रवारी सकाळी नंबर फिरवणार, तेवढ्यात म्हणाली, आधी ताईचं वाच." भाचीनं खोक्यातलं सगळ्यात वरचं कात्रण उचललं. ते वाचायची गरज नव्हती. मला पाठ होतं, अर्धविरामासकट. "मी वाचलं. तिनं ते कापून खोक्यात ठेवायला लावलं. मग म्हणाली, राहू दे गं. नको लावूस. तिनं सांगितलंय ना आता."

मग भाची म्हणाली, "मावशी, तू असं लिहिलंस कसं? ती जाते आहे हे माहीत असताना?"

मी सांगितलं तिला सगळं. वही, सहा वर्षं, कॉम्प्युटर, दाढीवाला मेहुणा, गाद्यांची जाहिरात. बराच वेळ सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

१ मार्च, रविवार

काल परतले. शिवणवाली वर आली. आज चहा दोन कप होता. सिंहाचं वाचा म्हणाली नाही. बॅग पलंगाखाली तशीच होती, तिच्यात एक साडी.

"काकू, निदान वर्तमानपत्र बंद करा," ती म्हणाली.

मी म्हटलं, बघते.

मांडणीवाल्याला फोन केला होता. म्हटलं, माझं काढून टाक सगळं. तो म्हणाला, "काढतो बाई, तुम्ही म्हणता तर काढतो. पण मग त्या जागी काय घालू तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, सुचलं की कळवा, तोवर चालू ठेवतो.

ती खाली गेल्यावर वर्तमानपत्र उघडलं. हात सवयीनं तिथेच गेला.

मीन: 'आरोग्याची चिंता मिटेल. रागावलेले माणूस आपण होऊन दारात येईल.'

हे मी कोणत्या वर्षी लिहिलं ते आठवत नाही. त्या दिवशी मला काय झालं होतं, कोण जाणे.

लाल पेन्सिल घेऊन बसले. नऊ शब्द, दोन पूर्णविराम. तीन वेळा तपासलं. एकही चूक नाही. असणार कशी? तपासणारी मीच होते.